फोटोतलं चार इंजिनांचं विमान: लिबरेटरच्या अंगावरच्या खुणा कशा वाचायच्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. आजोबा हवाई दलात फिटर होते. त्यांच्या ट्रंकेत एक कृष्णधवल फोटो सापडला. चार इंजिनांचं मोठं विमान, शेपटीच्या दोन्ही टोकांना एकेक लांबट गोल उभा पंखा (फिरणारा नव्हे, शेपटीची उभी फळी), डाव्या पंखाच्या सावलीत दोघंतिघं बसलेले. धडाच्या मागच्या भागावर ‘एचई ८’ एवढंच वाचता येतं, पुढचे आकडे एका माणसाच्या खांद्याआड गेलेत. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने ‘लोहगाव’. आजोबा सांगायचे की हे विमान अमेरिकेने बनवलं, इंग्रजांनी वापरून मोडून टाकलं आणि मग आपण उडवलं. पण घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. आता पुतण्याला याचं मॉडेल करायचंय, तर किटच्या डब्यावरचं विमान शेवाळी हिरवं आणि नाकावर पोहण्याच्या कपड्यातली बाई! मग हे विमान कोणतं, ‘मोडून टाकलं’ म्हणजे काय, महायुद्धात लढलं होतं का, आणि रंग कोणता द्यायचा?

आजोबा शब्दशः खरं सांगत होते. हे कन्सॉलिडेटेड कंपनीचं बी-२४ लिबरेटर. महायुद्धाच्या काळात अशी अठरा हजारांहून जास्त बनली, इतकं दुसरं कुठलंच जड बॉम्बफेकी विमान बनलं नाही. त्यातली चाळीसेक आपल्या हवाई दलाच्या वाट्याला आली, तीही आजोबा म्हणायचे तशीच, भंगारातून.

माझी बाजू सांगून ठेवतो. विमानदुरुस्तीच्या कारखान्यात तीसेक वर्षं मी रंगकाम केलं. लिबरेटरला माझा हात लागलेला नाही, मी कामाला लागलो तोवर ती निवृत्त झाली होती. पण ज्या वस्तादांनी मला रंग खरवडायला शिकवलं त्यांनी ती रंगवलेली होती. जुन्या वाड्याची भिंत नखाने खरवडली की पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पिवळा, एकेका दिवाळीचा चुना दिसत जातो. विमानाचंही तेच. चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून खुणेच्या कडेवर हलक्या हाताने गोल फिरवला की तळाला प्रायमरचा पिवळट हिरवा ठिपका दिसतो आणि त्याच्याभोवती एकात एक रंगाची कडी. किती मालक झाले ते तिथे मोजता येतं. फोटोला पॉलिश पेपर लावता येत नाही, म्हणून बघण्याचा क्रम ठरवून घ्यायचा: आधी पत्रा आणि सांगाडा, मग टरेट (मशिनगन बसवलेला फिरता बुरूज) आणि अवजारं, मग आकडे, आणि रंग व चित्रं सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलट करतात. मीही केलं होतं, ते पुढे सांगतो.

सांगाड्यापासून सुरू करू. चार इंजिनं आणि दोन उभे पंखे, एवढ्यावरून लिबरेटर म्हणू नका. इंग्रजांचं लँकेस्टर तसंच, हॅलिफॅक्सही तसंच. आणि फाळणीनंतर पाकिस्तानच्या हवाई दलाकडे हॅलिफॅक्स होती, त्यामुळे आपल्या भागातल्या जुन्या फोटोंत ही गल्लत खरोखर होते. ओळख पटते ती उभं राहण्याच्या ढबीवरून. लँकेस्टर आणि हॅलिफॅक्स शेपटीच्या चाकावर बसतात, नाक वर, कुत्रं बसावं तशी. लिबरेटरला नाकाखाली चाक आहे, त्यामुळे ते जमिनीला समांतर उभं राहतं आणि पोट जमिनीला टेकेल की काय असं वाटतं. पंख धडाच्या माथ्याजवळून निघालेला, लांब आणि अरुंद. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११० फूट. डेव्हिस नावाच्या माणसाने आखलेल्या या पंखामुळेच ते लांब पल्ल्याला चालायचं.

बॉम्ब ठेवायच्या कप्प्याची दारं बघा. बाकीच्या विमानांची दारं कपाटासारखी खाली उघडतात. लिबरेटरची दुकानाच्या शटरसारखी धडाच्या बाहेरच्या अंगाने वर गुंडाळत जातात. फोटोत पोटाच्या बाजूला आडव्या बारीक रेघांचा पन्हळी पत्रा दिसत असेल तर दुसरा पुरावा नको. वस्ताद सांगायचे की या कप्प्यात पेट्रोलचा वास कायम कोंडलेला असायचा, आणि पुढून मागे जायला मध्ये वीतभर रुंदीची एक फळी. तिच्यावरून चालताना पाय घसरला तर खाली फक्त ते पातळ शटर. माणसाचं वजन पेलण्यासाठी ते बनवलेलंच नव्हतं.

आता टरेट. पहिल्या लिबरेटरचं नाक काचेच्या खोपटासारखं होतं, त्यातून हाताने धरायच्या मशिनगन बाहेर काढलेल्या. जपानी आणि जर्मन वैमानिक समोरून यायला लागले तेव्हा तिथे दोन मशिनगनचं फिरतं टरेट बसवलं. ‘एच’ आणि ‘जे’ ही मॉडेलं त्या बदलानंतरची. पूर्ण हत्यारबंद ‘जे’वर अर्ध्या इंची दहा मशिनगन असत: नाकात दोन, पाठीवर दोन, पोटाखालच्या गोळ्यात दोन, शेपटीत दोन आणि कमरेच्या दोन्ही खिडक्यांत एकेक. पोटाखालचा गोळा उतरताना वर ओढून घ्यावा लागे, कारण खाली जागाच नव्हती. समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्या विमानांत तोच गोळा काढून तिथे रडारचं घुमट बसवायचे. खाली सोडलेलं असलं की पालथ्या बादलीसारखं दिसतं. काही विमानांच्या उजव्या पंखाखाली ले लाइट नावाचा प्रचंड झोतदिवाही असे, रात्री पाण्यावर आलेली पाणबुडी उजेडात पकडायला. तुमच्या फोटोत पोटाखाली गोळा आहे, बादली आहे की नुसता पत्रा मारून भोक बुजवलंय, ते भिंगाने बघा. विमानाने नोकरी कुठली केली ते तिथे कळतं, रंगात नाही.

बंगालच्या तळांवरून उडणाऱ्या ब्रिटिश लिबरेटरमधून बऱ्याचदा वजन उतरवलेलं असायचं, कारण तिथे शत्रूच्या लढाऊ विमानांपेक्षा अंतर हा मोठा वैरी. दिग्री, सालबनी, धुबुलिया ही नावं आज कुणाला आठवत नाहीत, पण १९४४ साली रंगून, बँकॉक आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरचे हल्ले तिथून व्हायचे. १५९ नंबरच्या स्क्वाड्रनचे विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी इंजिनांना पेट्रोल कमीत कमी कसं पाजायचं याचे प्रयोग करून पल्ला वाढवला, आणि ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांच्या पंधरा विमानांनी पेनांग बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले. जाऊन येऊन सुमारे तीन हजार मैल, आणि एकही विमान गमावलं नाही. अशा विमानाच्या फोटोत एखादं टरेट दिसलं नाही तर ‘बिघडलेलं’ म्हणू नका. मुद्दाम काढलेलं असतं.

खुणांकडे येऊ. भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या ब्रिटिश विमानांची गोल खूण युरोपातल्यासारखी निळी-पांढरी-तांबडी नव्हती. जपानी विमानांवर तांबडा गोळा असे, त्यामुळे आपल्याच तोफांनी आपलंच विमान पाडायची भीती. म्हणून तांबडा रंग पार काढून टाकला आणि गडद निळ्यात फिकट निळा असा लहानसा गोळा ठेवला. युरोपात धडावर स्क्वाड्रनची दोन मोठी अक्षरं आणि विमानाचं एक अक्षर असायचं. इथल्या लिबरेटरवर बहुतेकदा एकच अक्षर आणि उभ्या पंख्यांवर स्क्वाड्रनची भौमितिक खूण, पट्टे किंवा गोळे. अमेरिकन तुकड्याही बंगालात होत्या. पांडवेश्वरच्या सातव्या बॉम्बर ग्रुपच्या काही विमानांच्या उभ्या पंख्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन असत, आणि त्यांनीच ब्रह्मदेशातल्या रेल्वेपुलांवर रेडिओने डावीउजवीकडे वळवता येणारे ‘एझॉन’ बॉम्ब वापरले. खरगपूर भागात आलेल्या बी-२९ या अमेरिकन बॉम्बरवर बॉम्बच्या चित्रांच्या रांगेत मधेच उंट दिसतात. एक उंट म्हणजे हिमालयाच्या ‘हंप’वरून चीनकडे एक फेरी. अमेरिकन माणसाला उंटच का सुचला हे मला विचारू नका, पण मोजायला सोपं पडतं.

आपल्या विमानांचं त्याहून सोपं आहे. स्वातंत्र्यानंतर काही काळ गोल खूण म्हणजे पांढऱ्यावर निळं अशोकचक्र होतं. २६ जानेवारी १९५० पासून, हवाई दलाच्या नावातला ‘रॉयल’ हा शब्द गळाला तेव्हापासून, बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. फोटोत आऱ्या दिसल्या की १९५० च्या आधीचा, तिरंगी गोळा दिसला की नंतरचा. कृष्णधवल फोटोत मात्र हा तिरंगी गोळा फसवतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर केशरी रंग जवळजवळ काळा उतरतो. हिरवाही करडा पडला की काळं-पांढरं-करडं असं जे दिसतं ते इंग्रजांच्या युद्धोत्तर गोळ्यासारखंच वाटतं. या एका गोष्टीवरून लोकांना मी तासन्‌तास भांडताना पाहिलंय. भांडू नका, आकडा बघा.

आकडा म्हणजे ‘एचई’. टेम्पेस्ट विमानांना एचए, व्हॅम्पायर विमानांना एचबी, लिबरेटरला एचई अशी आपल्याकडची वाटणी होती. एचई वाचता आलं म्हणजे विमान भारतीय हवाई दलाचं, विषय संपला. पण हा त्याचा तिसरा आकडा. पहिला अमेरिकन: ४४-४४०५२ असा, त्यात पहिले दोन आकडे खरेदीच्या आर्थिक वर्षाचे, उभ्या पंख्यावर तो ‘४४४०५२’ असा एक चौका गाळून लिहायचे. दुसरा इंग्रजांचा: हेच विमान त्यांच्या हातात आल्यावर केएच १९१ झालं. तिसरा आपला: एचई ७७१. मॉडेलच्या नावापुढची दोन अक्षरंही सोडू नका. ‘सीएफ’ म्हणजे टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचा कारखाना, ‘एफओ’ म्हणजे फोर्ड मोटारवाल्यांचा विलो रन. मोटार बनवणाऱ्या फोर्डने तिथे ऐन भरात तासाला एक लिबरेटर बाहेर काढलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ‘मोडून टाकलं’ म्हणजे काय?

ही विमानं इंग्रजांनी विकत घेतलेली नव्हती. लेंड-लीज करारात ती उसनी होती. युद्ध संपल्यावर परत करा, नाहीतर निकामी करा, अशी अट. एवढी विमानं अमेरिकेला परत उडवत नेण्यात कुणालाच रस नव्हता. ती कानपूरला चकेरीच्या डेपोत रांगेने उभी केली आणि पुन्हा उडू नयेत अशी ‘व्यवस्था’ केली. इंजिनात वाळू-माती ओतली, धडाला भोकं पाडली, आतली घड्याळं हातोड्याने फोडली. मग इंग्रज निघून गेले.

१९४८ मध्ये भारताला जड बॉम्बर हवी होती आणि परकीय चलन नव्हतं. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला विचारलं की कानपूरच्या त्या ढिगातून काही जमतं का बघा. हा कारखाना १९४० साली काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. पुढे सरकारने तो घेतला आणि १९४३ पासून अमेरिकन सैन्याने विमानदुरुस्तीसाठी चालवला. त्यामुळे तिथल्या कामगारांना अमेरिकन विमानांचा हात होता, अडचण होती ती विमानं कानपूरहून बंगळुरूला न्यायची. तिथले वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून, उडण्यापुरती जुळवून, हवेतून नेली. कल्पना करा: रात्रभर बसून दोन-तीन विमानांच्या भागांतून एक उभं करायचं, आणि सकाळी त्यात बसून हजारेक मैल जायचं. बंगळुरूत त्यांचा पूर्ण जीर्णोद्धार झाला आणि २ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरलाच पाच नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली. देणाऱ्या देशाने हे काम अशक्य मानलं होतं असं वस्ताद सांगायचे, आणि सांगताना दर वेळी मिशीवरून हात फिरवायचे.

या दुरुस्तीचा रंगाशी थेट संबंध आहे. युद्धातल्या जुन्या लिबरेटरवर वरून शेवाळी हिरवा आणि खालून करडा रंग असे, पण १९४४ च्या सुरुवातीपासून कारखान्यांनी रंग देणं थांबवलं आणि विमानं उघड्या पत्र्यातच बाहेर येऊ लागली. वजन वाचतं, वेळ वाचतो. कानपूरचा माल बहुतांशी त्या काळानंतरचा. या पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनिअमचा पातळ थर असतो, त्यामुळे जुनी खूण घासून काढत नाहीत. रिमूव्हर लावायचा, फुगू द्यायची, लाकडी खरडीने काढायची. आणि खूण गेली तरी तिचं भूत राहतं! रंगाखाली झाकलेला पत्रा उन्हापावसापासून वाचलेला असतो, भोवतालचा मळकटलेला असतो. तिरप्या उजेडात जुना गोळा नाहीतर जुनी अक्षरं चकाकत वर येतात. तुमच्या फोटोत आकड्याच्या मागे फिकट वर्तुळ दिसत असेल तर तो फिल्मचा डाग समजून सोडू नका. इंग्रजांचा निळा गोळा तिथे होता.

तिसरा प्रश्न, हे विमान महायुद्धात लढलं का? इथे कागद लागतात, आणि कागदही खोटं बोलतात. ब्रिटिश हवाई दलात प्रत्येक विमानाचं एक कार्ड असे, फॉर्म ७८: कुठल्या तारखेला कुठल्या युनिटकडे गेलं एवढंच. परदेशी पाठवलेल्या विमानांच्या कार्डांवर बऱ्याचदा ‘भारत’ एवढाच शेरा असतो आणि पुढची ओळ थेट ‘पटावरून कमी केलं’. मधली दोन वर्षं कोरी. ती भरायची असतील तर स्क्वाड्रनच्या रोजनिशीत जायचं, फॉर्म ५४० आणि ५४१. ५४० मध्ये दिवसाची हकीगत आणि ५४१ मध्ये विमानाच्या आकड्यासकट उड्डाणं, कोण बसलं, किती वाजता निघालं, काय टाकलं. लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर २७’ या खात्यात ते ठेवलंय. अमेरिकन बाजूला प्रत्येक विमानाचं स्वतंत्र रेकॉर्ड कार्ड आहे, पण उसनं दिल्यावर तेही गप्प होतं.

यातली गंमत अशी की ‘पटावरून कमी’ हा शेरा पडलेली ही विमानं त्यानंतर वीस वर्षं उडत होती. विलायतेतल्या कार्डावर मेलेलं विमान पुण्यात रोज सकाळी इंजिनं तापवत होतं. परदेशी अभ्यासकांच्या जुन्या याद्यांत म्हणूनच ही विमानं ‘नष्ट’ म्हणून दिसायची. अशा यादीवरून घरच्यांशी वाद घालू नका.

एक पक्कं उदाहरण देतो, म्हणजे साखळी कशी जुळते ते दिसेल. इंग्रजी आकडा केएन ७५१. फोर्डच्या विलो रनमध्ये बनलं, ४४-५०२०६. इंग्रजांच्या ९९ नंबरच्या स्क्वाड्रनकडे गेलं. ही स्क्वाड्रन आधी बंगालात धुबुलियाला आणि १९४५ च्या उन्हाळ्यात हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर होती. जपानने शरणागती पत्करल्यावर तिथल्या लिबरेटरनी युद्धकैद्यांच्या छावण्यांवर अन्न आणि औषधं टाकली. मग कानपूरचा ढीग. मग एचई ८०७ म्हणून आपल्याकडे नोकरी. १९७४ मध्ये हवाई दलाने ते ब्रिटनला भेट दिलं आणि ते उडत इंग्लंडमधल्या लायनमला उतरलं. ज्यांनी ते टाकून दिलं त्यांच्याच राष्ट्रीय हवाई दल संग्रहालयात आज ते मानाने उभं आहे. तुमचा आकडा ‘एचई ८’ ने सुरू होतो म्हणून लगेच हेच असेल असं धरू नका. आठशेच्या घरात इतरही होती.

आता माझी फजिती. नोकरीत नवा होतो, एका मासिकात रंगीत फोटो पाहिला: ॲरिझोनातल्या टूसाँ इथल्या पिमा संग्रहालयातलं लिबरेटर, नाकावर ‘बंगे बकारू’. बंगे म्हणजे इंग्लंडमधला ४४६ व्या बॉम्बर ग्रुपचा तळ. मी चार लोकांसमोर ठासून सांगितलं, हे विमान जर्मनीवर बॉम्ब टाकून आलंय. वस्तादांनी शांतपणे फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, हे जर्मनीला गेलं असेल तर मी विलायतेला गेलो असेन. ते विमान आपलंच. १९६९ मध्ये भारतातून उडवत नेलेलं, तेव्हा नाव ‘पिमा पैसानो’. इंग्लंडमधले रंग संग्रहालयाने नंतर चढवले. कानपूरच्या ढिगातलं विमान मी जर्मनीवर उडवून मोकळा झालो होतो.

वर ज्याचे तीन आकडे सांगितले ते एचई ७७१ तर याहून बहुरूपी. आपल्याकडून निवृत्त झाल्यावर भारतातच पडून होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका ब्रिटिश संग्राहकाने ते सुटं करून नेलं, पुढे अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतलं आणि १९८९ मध्ये ते पुन्हा उडालं. तेव्हापासून त्याने ‘ऑल अमेरिकन’, मग ‘ड्रॅगन अँड हिज टेल’, मग ‘विचक्राफ्ट’ असे तीन वेष घेतले. तिन्ही दुसऱ्या विमानांचे, दुसऱ्या आघाड्यांवरचे. स्वतःचा केएच १९१ किंवा एचई ७७१ चा वेष त्याला कुणी दिला नाही. मी चिडून लिहीत नाहीये. ज्यांच्या वर्गणीवर ते उडायचं त्यांना आपल्या वडिलांचे रंग बघायचे असायचे, हे समजण्यासारखं आहे. पण मॉडेल करणाऱ्या पोरांनी तिथले फोटो बघून ‘अस्सल’ म्हणू नये. ओटावाच्या संग्रहालयातलंही आपल्याकडचंच, एचई ७७३. त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर नावाचं एक जुनं ब्रिटिश विमान मिळालं, ते दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. पालमलाच आपलं एक लिबरेटरही ठेवलंय. दिल्लीला गेलात तर पुतण्याला तिथे न्या आणि बॉम्बकप्प्याचं शटर हात न लावता जवळून बघायला सांगा.

लोहगावचं काय? सहा नंबरची स्क्वाड्रन जानेवारी १९५१ मध्ये पुण्यात लिबरेटरवर उभी राहिली, समुद्री टेहळणीसाठी. पुण्यात समुद्र कुठे, असं लोक विचारतात. पण दहा-बारा तास उडणाऱ्या विमानाला कोकणकिनारा म्हणजे अंगण. पाच नंबरच्या स्क्वाड्रनला १९५७ मध्ये कॅनबेरा ही जेट बॉम्बर मिळाली. सहा नंबरला १९६१-६२ च्या सुमारास एअर इंडियाची सुपर कॉन्स्टेलेशन विमानं मिळाली, तरी लिबरेटर १९६८ च्या अखेरीपर्यंत सेवेत राहिली. म्हणजे तुमचा फोटो लोहगावचा आणि गोळा तिरंगी असेल तर बहुधा १९५१ ते १९६८ मधला. आजोबांच्या सर्व्हिस बुकातल्या बदलीच्या तारखा लावल्या की हा काळ आणखी आवळता येईल. सर्व्हिस बुक नसेल तर विमानासमोर उभ्या असलेल्या माणसांच्या टोप्या आणि दंडावरच्या पट्ट्या बघा. आजोबा कॉर्पोरल कधी झाले हे घरात कुणाला तरी माहीत असतंच.

मॉडेलचं बोलून थांबतो. किट ‘डी’ मॉडेलचं असेल तर परत करा, नाक काचेचं येईल, ‘जे’ हवं. हिरवा रंग बाजूला ठेवा. उघडा पत्रा द्या, पण सगळा एकाच चंदेरी डब्यातला नको. दोन-तीन छटा मिसळा, कारण ही विमानं दोन-तीन विमानांच्या पत्र्यांतून जुळवलेली आणि प्रत्येक पत्रा वेगळा मळलेला. वैमानिकाच्या काचेपुढे चकाकी मारू नये म्हणून गडद, बिनचमक पट्टा. पंखाच्या पुढच्या कडेला काळी पट्टी दिसली तर ती रंगाची नाही, बर्फ झटकायच्या रबराची असते, म्हणून तिला चमक देऊ नका. नाकावर बाई नको. डिकॅलमधला (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांमधला) केशरी नेहमी जास्त भडक असतो. त्यात थोडा पांढरा मिसळून वरून एक पातळ हात द्या, उन्हात उभ्या असलेल्या विमानाचा वाटेल.

आकडा पूर्ण मिळाल्याशिवाय डिकॅल लावू नका. फोटो किमान १२०० डीपीआयवर स्कॅन करा, मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका. धडावरचे आकडे खांद्याआड गेले असले तरी युद्धानंतरच्या पद्धतीप्रमाणे तोच नंबर पंखाखाली हातभर उंचीच्या अक्षरांत पुन्हा लिहीत. तुमच्या फोटोत डाव्या पंखाखाली माणसं सावलीत बसलीत म्हणालात ना, त्यांच्या डोक्यावरचा काळा भाग स्कॅनमध्ये उजळ करून बघा. अक्षरं उलटी दिसतील.